सख्खी, मानलेली आणि तोतया अक्षरे : एका शब्दसंग्रहाच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५

उन्हाळ्याच्या सुट्टीत हाती घेतलेल्या कामाची ही पहिली नोंद. आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचा एक छोटा संग्रह तयार करायचा आहे आणि त्याची मांडणी वर्णानुक्रमे न करता अक्षरांच्या जोड्यांप्रमाणे करायची आहे. अशा याद्या शाळेच्या कपाटात पुष्कळ आहेत. के-एनने सुरू होणारे पंचवीस शब्द, समोर एका ओळीत अर्थ, आणि संपले. मुले त्या पाठ करतात आणि पंधरा दिवसांत विसरतात. त्यात मुलांचा दोष नाही, कारण हे शब्द एका रांगेत का उभे आहेत हे ती यादी सांगतच नाही, आणि ज्याचे कारण कळले नाही ते डोक्यात टिकावे अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

पद्धत साधी ठेवली आहे. प्रत्येक शब्दासाठी पोस्टकार्डाएवढे एक पुठ्ठ्याचे कार्ड असेल. पुढच्या बाजूला रोमन लिपीत शब्द, मागच्या बाजूला आजचा उच्चार, जुना उच्चार, मराठी अर्थ आणि सापडला तर नात्यातला एखादा शब्द. ही वही मात्र पूर्णपणे देवनागरीत ठेवायची आहे. त्यातली अडचण पहिल्याच पानावर दिसली. देवनागरी उच्चार लिहिते, त्यामुळे ‘जाणणे’ या अर्थाचा ‘नो’ आणि ‘नाही’ या अर्थाचा ‘नो’ कागदावर सारखेच उमटतात. रात्र म्हणजे ‘नाइट’ आणि सरदार म्हणजेही ‘नाइट’च. थोडा विचार केल्यावर लक्षात आले की हीच लिपी उलट बाजूने कामाला येईल. जुना उच्चार ‘क्नो’ असा लिहिला की जे अक्षर रोमन लिपीत मुके उभे आहे ते देवनागरीत बोलू लागते.

१५ मे २०२५

आज के-एनचा गठ्ठा घेतला. नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणे, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे, नीड म्हणजे कणीक तिंबणे, नकल म्हणजे बोटाचे पेर, नॉक म्हणजे दार ठोठावणे, नॉब म्हणजे दाराची मूठ, नेल म्हणजे मृत्यूची घंटा, नाइफ म्हणजे सुरी, नेव्ह म्हणजे लबाड माणूस, नाइट म्हणजे सरदार, आणि नो म्हणजे जाणणे.

यांतला प्रत्येक के एके काळी बोलला जात होता. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला ‘क्नेओव’ आणि जाणण्याला ‘क्नावन’ म्हणत. सतराव्या शतकात हा क् ढिला पडू लागला आणि अठराव्या शतकात प्रमाण इंग्रजीतून तो पुरता गेला. पण तोवर छापखान्यांमुळे शब्दांची स्पेलिंगे बरीचशी पक्की झाली होती, म्हणून जीभ पुढे गेली आणि लेखणी मागेच राहिली. जर्मन भाषा आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणते, गाठीला ‘क्नोटन’ आणि तिंबण्याला ‘क्नेटन’. कार्डावर ‘शेजारी’ असा एक रकाना वाढवून त्यात हे जर्मन शब्द लिहिले आहेत, कारण मुलांना नुसते ‘पूर्वी बोलत होते’ असे सांगितले तर ती मानेने होकार देतात, पण आजही कोणीतरी बोलते आहे म्हटल्यावर त्यांचे डोळे उघडतात.

नाइट आणि नेव्ह ही दोन कार्डे एकमेकांशेजारी ठेवली. नाइटचे मूळ ‘क्निख्ट’, अर्थ मुलगा किंवा पदरी असलेला पोऱ्या. नेव्हचे मूळ ‘क्नाफा’, अर्थ पुन्हा मुलगाच. एक पोऱ्या घोड्यावर बसून सरदार झाला आणि दुसरा लबाड ठरला. जर्मनमध्ये ‘क्नेख्ट’ हा आजही चाकरच आहे आणि ‘क्नाबे’ हा मुलगाच. शब्दांचे नशीब माणसांसारखेच असते असे लिहिण्याचा मोह झाला होता, पण ही कामाची वही आहे.

नाइफ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांबरोबर आला. त्याच लोकांचा राजा क्नूट हा १०१६ ते १०३५ या काळात इंग्लंडच्या गादीवर होता. त्याच्या नावाचा अर्थ गाठ असाच आहे. इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ‘कनूट’ लिहितात, कारण क् आणि न् यांचा जोड जिभेला जड झाला तेव्हा मध्ये एक स्वर घालून तो सोपा केला गेला. आपल्याकडे स्टेशनचे ठेसन झाले, तिथे स्वर घालण्याऐवजी पहिले व्यंजनच टाकले गेले. जड जोडाक्षरापुढे माणसाजवळ हे दोनच उपाय असतात, आणि इंग्रजीने एका नावापुरता पहिला आणि बाकी सगळीकडे दुसरा वापरला.

१९ मे २०२५

आजची नोंद मोठी होणार, कारण या प्रकल्पाचा पाया आज सापडला असे वाटते.

नो या शब्दाच्या कार्डावर नात्यातला शब्द म्हणून संस्कृत ‘ज्ञा’ लिहिला आणि गुडघ्याच्या कार्डावर ‘जानु’ लिहिले. दोन्ही नाती भाषाभ्यासकांनी पक्की मानलेली आहेत. ‘आजानुबाहू’ हा शब्द मुलांनी शिवचरित्रात किंवा पुराणकथेत ऐकलेला असतो. गुडघ्यापर्यंत हात पोहोचणारा तो आजानुबाहू, आणि त्या जानूचाच भाऊ इंग्रजी ‘क्नी’. लॅटिनमध्ये गुडघा ‘गेनू’, ग्रीकमध्ये ‘गोनू’. तिकडचा ग, आपला ज आणि इंग्रजीचा मुका के ही एकाच जुन्या व्यंजनाची तीन रूपे आहेत.

हे लिहीत असताना मनात आले की इंग्रजांना हसण्याआधी आपण आपले ज्ञ एकदा नीट पाहावे. ज्ञ हे अक्षर ज् आणि ञ यांचे आहे, परंतु मराठी माणूस ते ‘द्न्य’ असे उच्चारतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतो आणि गुजराती भाषक ‘ग्न’. लिहिलेले एक आणि बोललेले दुसरे, हा आरोप आपल्या लिपीवर एका अक्षरापुरता का होईना लागू होतोच. एवढ्यावर थांबत नाही. प्राकृतात ‘ज्ञान’चे ‘नाण’ झाले, म्हणजे पहिले व्यंजन गळून न उरला. इंग्रजीत ‘क्नो’चे ‘नो’ झाले ती हीच वाट. मराठीतले रोजचे शब्द त्याच वाटेने आलेले आहेत: राज्ञीची राणी झाली, आज्ञेची आण झाली, विज्ञप्तीची विनंती झाली आणि यज्ञोपवीताचे जानवे झाले. या चारही शब्दांत ज्ञ होता, चारही शब्दांत त्याचे एकच व्यंजन उरले.

फरक इतकाच की आपण उच्चार बदलल्यावर अक्षरही टाकले आणि इंग्रजांनी उच्चार बदलल्यावर अक्षर ठेवून दिले. राणी या शब्दात ज कुठे होता हे शोधायला संस्कृतपर्यंत जावे लागते. नो या शब्दात के कुठे होता हे शोधायला कुठेही जावे लागत नाही, तो समोरच उभा आहे. आपली पद्धत वाचायला सोपी, त्यांची पद्धत वंशावळ सांगायला सोपी. आजवर मी स्वतः वर्गात ‘के सायलेंट आहे, लक्षात ठेवा’ एवढेच सांगत आले. यापुढे तसे सांगणार नाही.

२५ मे २०२५

ग, ज आणि क यांचा हा फेर अपघाती नाही हे दाखवणारा नियम याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ मध्ये सविस्तर मांडला. त्याच्या थोडे आधी, १८१८ मध्ये, रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने तेच संबंध दाखवले होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात हे विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी सांगितले होते, पण कोणते व्यंजन कशाच्या जागी येते याचा हिशेब ग्रिमने लावून दिला. मुलांच्या कार्डासाठी त्यातले तीन धागे पुरेत: आपला प तिकडे फ होतो, म्हणून पिता आणि फादर, पाद आणि फूट, आपला द तिकडे ट होतो, म्हणून दंत आणि टूथ, दश आणि टेन, आणि जुना ग तिकडे क होतो, म्हणून जानु आणि क्नी.

ज्ञा-कुळाची कार्डे काढायला बसले आणि एका टेबलावर मावेनात. ‘शकणे’ या अर्थाचा कॅन हा शब्द मुळात ‘जाणणे’ याच अर्थाचा आहे. ज्याला पोहणे कळते त्याला पोहता येते, आणि मराठीतही आपण ‘मला पोहता येत नाही’ ऐवजी कधीकधी ‘मला पोहणे कळत नाही’ असे म्हणतोच. कनिंग म्हणजे आज धूर्त, पण आधी नुसताच जाणकार. अनकूथ म्हणजे आज गावंढळ, पण आधी केवळ अनोळखी. जो ओळखीचा नाही तो असंस्कृत, असा निवाडा भाषेने परस्पर करून टाकला आहे. लॅटिन-ग्रीक वाटेने आलेल्या शब्दांत के-एनऐवजी जी-एन दिसतो: डायग्नोसिस म्हणजे रोग ओळखणे, इग्नोरंट म्हणजे ज्याला कळत नाही तो, रेकग्नाइज म्हणजे पुन्हा ओळखणे. अज्ञेयवादी या अर्थाचा अग्नॉस्टिक हा शब्द टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडवला. त्याला मराठीत प्रतिशब्द करणाऱ्यांनी ‘अज्ञेय’ निवडले तेव्हा ग्रीक ‘ग्न’ आणि संस्कृत ‘ज्ञ’ पुन्हा समोरासमोर आले.

यांत ग ऐकू येतो आणि क्नोमध्ये क ऐकू येत नाही, असे का? कारण शब्दाच्या आरंभी जोड जड जातो, मध्ये तो दोन तुकड्यांत वाटला जातो. नॉलेजमध्ये के मुका, पण त्याच्यापुढे उपसर्ग लागून ॲकनॉलेज झाले की तोच के खणखणीत बोलतो. हे उदाहरण कार्डाच्या मागे लाल शाईने लिहिले आहे. एखादे अक्षर मेले नसून झोपले आहे हे याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

जी-एनने सुरू होणारे थोडेच शब्द कामाचे निघाले: नॅट म्हणजे चिलट, नॉ म्हणजे कुरतडणे, नॅश म्हणजे दातओठ खाणे. तीन कार्डे केली आणि गठ्ठा बांधला.

१ जून २०२५

डब्ल्यू-आर. या जोडीत डब्ल्यूही पूर्वी बोलला जाई. रिस्ट या शब्दाचा जुना उच्चार ‘व्रिस्ट’ असा देवनागरीत अगदी सहज लिहिता येतो. पण इथे आणखी एक गोष्ट दिसली. रिंग म्हणजे पिळणे (घंटेची रिंग वेगळी), रेंच म्हणजे मुरगळणे, रिस्ट म्हणजे जिथे हात वळतो ते मनगट, रेसल म्हणजे कुस्तीत मुरगाळणे, रीथ म्हणजे वळून केलेली माळ, राइद म्हणजे वेदनेने तळमळणे, रिंकल म्हणजे सुरकुती, राय म्हणजे वाकडे, रिगल म्हणजे वळवळणे. जवळपास सगळेच शब्द वळण्याचे, पिळण्याचे, वाकण्याचे आहेत. भाषाभ्यासक यांतल्या बऱ्याच शब्दांच्या मागे ‘वळणे’ या अर्थाचा एक जुना धातू मानतात आणि त्याच कुळात संस्कृत ‘वृत्’ येतो, ज्यापासून आपल्याला वर्तुळ मिळाले. वळण्याचा व दोन्हीकडे आहे. इंग्रजीत तो आता फक्त लिहिला जातो.

राँग हा शब्द याच टोळीतला, हे पाहून मी थोडा वेळ काम थांबवले. तोही नॉर्स लोकांकडून आलेला, मूळ अर्थ वाकडा. त्याच्या विरुद्ध उभा असलेला राइट हा संस्कृत ‘ऋजु’चा आप्त, म्हणजे सरळ. चूक ती वाकडी आणि बरोबर ते सरळ, ही कल्पना मराठीला परकी नाही. आपणही सरळमार्गी माणसाचे कौतुक करतो आणि कोणाचे पाऊल वाकडे पडले म्हणून हळहळतो. रॅथ म्हणजे क्रोध, तोही या पिळण्याच्या कुळातला. जीव पिळवटून येतो तो राग.

चुकून गठ्ठ्यात गेलेली तीन कार्डे परत काढली. रेन हा लहानसा पक्षी वळतबिळत नाही. रेच म्हणजे दीनवाणा माणूस, मुळात परागंदा झालेला. रेक म्हणजे फुटलेले जहाज, त्याचे मूळ हाकलण्याच्या अर्थाचे. अक्षरे सारखी दिसली की सगळे एका घरात कोंबायचे ही माझीच जुनी सवय, आणि याद्या करणाऱ्यांचीही.

लिहिणे या अर्थाचा राइट हा शब्दही वळण्याचा नाही. जुन्या इंग्रजीत ‘व्रीतन’ म्हणजे ओरखडणे, खरवडणे. लाकडावर किंवा दगडावर टोकदार वस्तूने ओरखडे काढणे हेच पहिले लिहिणे. आणि आपले ‘लिहिणे’ ज्या ‘लिख्’ धातूपासून आले त्याचाही मूळ अर्थ ओरखडणे हाच आहे. इथे शब्दांचे नाते काहीच नाही, तरी अनुभव एकच आहे; म्हणून कार्डावर नात्याच्या रकान्यात न लिहिता कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले.

८ जून २०२५

जी-एचने दोन दिवस खाल्ले. नाइट म्हणजे रात्र, लाइट म्हणजे उजेड, लाइट म्हणजे हलका, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी, राइट म्हणजे उजवा आणि बरोबर, लाफ म्हणजे हसणे, इनफ म्हणजे पुरे. या जागी पूर्वी घशातून काढलेला ख असे. जुन्या इंग्रजीत तो एच या अक्षराने लिहीत आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या (तेव्हा उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले) लेखनिकांनी पुढे त्याला जी-एच असे रूप दिले. जर्मनमध्ये तो अजून आहे: रात्रीला ‘नाख्ट’, आठाला ‘आख्ट’, मुलीला ‘टोख्टर’, हसण्याला ‘लाखन’. स्कॉटलंडच्या बोलीत रात्र ‘निख्ट’ असते. प्रमाण इंग्रजीत हा ख बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आणि लाफ, कफ (म्हणजे खोकला), इनफ अशा काही शब्दांत फ होऊन राहिला.

नात्याचा रकाना या गठ्ठ्यात सर्वांत भरगच्च झाला. रात्रीचा भाऊ ‘नक्त’. दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला नक्त म्हणतात हे आजीला माहीत असते, नातवाला नसते. पंधरवड्याला इंग्रजीत फोर्टनाइट म्हणतात, म्हणजे चौदा रात्री. आठाचा भाऊ अष्ट. मुलीची बहीण दुहिता. मराठीत हा शब्द आता पुस्तकी वाटतो, पण गोव्याच्या कोकणीत मुलीला आजही ‘धूव’ म्हणतात, आणि ती धूव, ती दुहिता आणि ती डॉटर एकाच घरच्या. हलका या अर्थाचा लाइट हा संस्कृत ‘लघु’चा आप्त आहे. आपला ‘हलका’ हा लघुकपासूनच आला, वाटेत ल आणि ह यांनी जागा बदलल्या. म्हणजे इंग्रजी लाइटचे जी-एच आणि लघूचा घ हे एकाच मुळाचे, आणि हलकाचा ह त्याच घचा उरलेला श्वास. तीन भाषांत एका व्यंजनाचे तीन शेवट झाले आहेत.

उजेडाचा लाइट मात्र वेगळ्या कुळातला, तो संस्कृत ‘रुच्’चा, ज्याचा मूळ अर्थ चकाकणे. दोन्ही लाइट आज एकसारखे लिहिले आणि बोलले जातात, म्हणून त्यांची दोन स्वतंत्र कार्डे केली.

१० जून २०२५

काल रात्री झोपताना एक शंका आली आणि सकाळी ती खरी ठरली. डिलाइट म्हणजे आनंद. त्यातही जी-एच आहे, पण तिथे कधीच ख नव्हता. तो शब्द फ्रेंचमधून ‘डेलिट’ असा आला आणि सोळाव्या शतकात लाइट, फ्लाइट यांच्या देखादेखी त्याला जी-एच चिकटवले गेले. गर्विष्ठ या अर्थाचा हॉटी हाही तसाच. घोस्ट म्हणजे भूत; जुन्या इंग्रजीत तो ‘गास्ट’, एच कुठेच नाही. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. त्याआधी ते आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात राहून आले होते आणि तिकडच्या फ्लेमिश लेखनाच्या सवयीने घोस्टमध्ये एच शिरला. भुताला अंगावर घ्यायला कोणी नकार दिला नाही.

डेट म्हणजे कर्ज, यातला बी लॅटिन ‘डेबिटुम’ आठवून पंडितांनी घातला. आयलंड म्हणजे बेट, यातला एस आइल या वेगळ्याच शब्दाकडून उसना घेतला. ही सगळी तोतया अक्षरे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तेव्हा चेहरा पाहून फसणारे पुष्कळ होते. इथेही चेहरा पाहून निकाल द्यायचा नाही, जुन्या लेखनात ते अक्षर होते का हे पाहूनच द्यायचा. प्रत्येक कार्डाला आता एक दोरा बांधणार आहे. सख्ख्या अक्षरांना हिरवा, तोतया अक्षरांना लाल.

२१ जून २०२५

शाळा सुरू झाली आणि नववीच्या एका तासाला के-एनचा गठ्ठा वाटून पाहिला. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न आला, “बाई, बोलायचाच नाही तर के लिहायचा कशाला?” मी फळ्यावर ‘ज्ञान’ लिहून ते मोठ्याने वाचायला सांगितले आणि विचारले की यातला ज कोणाला ऐकू आला. वर्ग गप्प झाला. मग राज्ञी आणि राणी लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आपण नाव कापलं आणि त्यांनी नाव ठेवलं, पण हजेरी लावत नाहीत.” माझ्या तीन पानांच्या नोंदीपेक्षा हे वाक्य बरे आहे, म्हणून कार्डाच्या गठ्ठ्यावर तेच लिहिले.

कार्डांतल्या दोन चुका मुलांनी दाखवल्या. नीडचा अर्थ मी ‘मळणे’ असाही लिहिला होता. एका मुलीने विचारले की शेतातली मळणी का? फक्त ‘कणीक तिंबणे’ ठेवले. दुसरे म्हणजे जर्मन शब्दांचे उच्चार मी इतके बारीक अक्षरात लिहिले होते की शेवटच्या बाकापर्यंत ते दिसलेच नाहीत. सगळी पन्नासेक कार्डे पुन्हा लिहावी लागतील.

२९ जून २०२५

एस-एन आणि जी-एल या जोड्यांत एकही अक्षर मुके नाही, तरी त्या घेतल्या, कारण इथे अक्षरे आणि अर्थ यांचा संबंध वेगळ्याच प्रकारचा आहे. स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नॉट म्हणजे शेंबूड, स्नाउट म्हणजे जनावराचे पुढे आलेले नाक, स्नॉर्ट म्हणजे नाकाने फुरफुरणे, स्नीअर म्हणजे नाक मुरडणे. सगळे नाकाचे. ग्लीम, ग्लिटर, ग्लो, ग्लिंट, ग्लिसन, ग्लेअर हे सगळे चमकण्याचे. हे शब्द एकाच आईची लेकरे असतीलच असे नाही. वापरता वापरता त्यांना एकमेकांचा लळा लागला आणि नवे शब्दही त्याच घोळक्यात येत गेले. अशा अर्थ सुचवणाऱ्या ध्वनिगटाला फोनेस्थीम हे नाव जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये दिले. हे फर्थ त्यापूर्वी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.

लळ्याचा उत्तम पुरावा म्हणजे स्नीझ. जुन्या इंग्रजीत हा शब्द एफ-एनने सुरू होई, ‘फ्नेओसन’ असा. पुढे एफचा एस झाला आणि शिंक नाकाच्या इतर शब्दांत जाऊन बसली. जुन्या लेखनातला लांब एस एफसारखा दिसे, त्यामुळे वाचनाच्या घोटाळ्याचाही त्यात हात असावा असे मानतात; पण घोटाळा टिकला तो घोळक्यामुळे.

मुलांना मराठीतले असे शब्द शोधायला सांगितले आणि दहा मिनिटांत फळा भरला: झळाळी, झगमगाट, झगझगीत, झळकणे, झिलई. लगेच विरोधी पक्षही उभा राहिला: झोप, झाड, झुरळ. इंग्रजीत तसेच आहे. ग्लव्ह म्हणजे हातमोजा आणि ग्लू म्हणजे डिंक यांत कुठलीही चमक नाही, स्नेक म्हणजे साप आणि स्नेल म्हणजे गोगलगाय यांचा नाकाशी संबंध नाही, ते दोन्ही सरपटण्याच्या कुळातले. सापाबद्दल वाद झाला. एकाने तो वास घेतो म्हणून नाकात बसवा असे सुचवले, दुसऱ्याने साप वास जिभेच्या मदतीने घेतो असे सांगून तो बाहेर काढला. शिंक, शिंकरणे आणि शेंबूड हे तिन्ही शब्द शने सुरू होतात हेही कोणीतरी दाखवले आणि वर्गाला पुढे काही सुचले नाही, इतका हशा झाला.

ग्लॅमर हे कार्ड पाहून मुलांना वाटले की चमक आहे, म्हणजे जी-एलच्या घोळक्यातले जुने सदस्य असणार. तसे नाही. तो स्कॉटलंडमध्ये ग्रामर या शब्दाचा झालेला अपभ्रंश आहे. विद्वानाला जादू येते अशा समजुतीतून व्याकरणाचा अर्थ मंत्रविद्या झाला, तिथून मोहिनी आणि तिथून झगमगाट. व्याकरण शिकवणाऱ्यांना यातून काही मिळत असेल तर ते मला अजून मिळायचे आहे.

या दोन गठ्ठ्यांना पिवळा दोरा बांधला आहे: मानलेली नाती.

६ जुलै २०२५

आषाढी एकादशी, रविवार. शाळा नाही, म्हणून डब्ल्यू-एच पूर्ण केले. ही जोडी शेवटी ठेवली होती, कारण ती सोपी वाटत होती. प्रत्यक्षात सगळ्या प्रकल्पात सर्वांत समृद्ध हीच निघाली.

इंग्रजीतले प्रश्न या जोडीने सुरू होतात: हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, व्हिच. मराठीतले प्रश्न कने सुरू होतात: कोण, काय, कधी, कुठे, का, कोणता, किती, कसा. हा योगायोग नाही. मूळ भाषेत ओठ गोल करून उच्चारलेला एक क होता. आपल्याकडे त्याचा साधा क झाला, लॅटिनमध्ये तो ‘क्व’ राहिला, आणि ग्रिमच्या नियमाप्रमाणे इंग्रजीच्या पूर्वजांत त्याचा ‘ह्व’ झाला. जुन्या इंग्रजीत ‘ह्वेट’ असेच लिहीत, एच आधी आणि डब्ल्यू नंतर. नॉर्मन विजयानंतरच्या लेखनिकांनी क्रम उलटा केला आणि तो तसाच राहिला. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये पुष्कळ लोक हा ‘ह्व’ अजून स्पष्ट उच्चारतात. हाउ हा शब्द त्याच कुटुंबातला असून त्याचा डब्ल्यू फार पूर्वी गळून पडला आहे; आपला ‘कसा’ मात्र रांगेत नीट उभा आहे.

याच जोडीत व्हील, म्हणजे चाक. त्याचे मूळ ‘ह्वेओल’, आणि त्याचा सख्खा भाऊ संस्कृत चक्र, ज्याचे चाक झाले. चक्रात तोच गोल क दोनदा आला होता. पहिल्याचा च झाला आणि दुसरा क राहिला. ग्रीकमध्ये त्याचाच ‘किक्लोस’ झाला आणि तिथून सायकल आली. म्हणजे सायकलचे चाक म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणत असतो, आणि त्याच्यावर व्हील लिहिलेले असेल तर तीनदा. व्हाइट म्हणजे पांढरा, तो श्वेताचा आप्त. व्हीट म्हणजे गहू, तो व्हाइटवरून, पांढऱ्या पिठाचे धान्य म्हणून.

तोतया इथेही सापडला. होल म्हणजे संपूर्ण. जुन्या इंग्रजीत ‘हाल’, डब्ल्यू पंधराव्या शतकाच्या सुमारास शिरला. त्याची खरी भावंडे हेल्थ आणि हील ही आहेत. आरोग्य म्हणजे अंग पूर्ण असणे. लाल दोरा.

१४ जुलै २०२५

कार्डे मोजली. हिरव्या दोऱ्याची ५२, पिवळ्या दोऱ्याची १७, लाल दोऱ्याची ७. जाड शाईने पुन्हा लिहिलेली सर्व कार्डे आता वाचनालयातल्या बुटांच्या जुन्या खोक्यात जोडीवार लावून ठेवली आहेत आणि खोक्यावर सूचना लिहिली आहे की कार्ड घेणाऱ्याने दोऱ्याचा रंग आधी पाहावा आणि अर्थ नंतर.

आज दुपारी नववीतल्या त्याच मुलीने एक कोरे कार्ड मागून नेले. परत आणले तेव्हा पुढच्या बाजूला देवनागरीत ‘जानवे’ लिहिले होते, मागे ‘यज्ञोपवीत’, आणि दोरा हिरवा. मराठी शब्दांसाठी दुसरे खोके लागणार आहे. उद्या बुटांच्या दुकानात विचारते.